ध्वनिलहरींचे रसायन प्रयोगशाळेत यावे

महोदय,
बेळगाव, खानापूर, निपाणीकडे रसायनशास्त्राचे विद्यार्थी नायट्रोजनयुक्त विषमचक्रीय संयुगे (ज्यांच्या रेणूतील कड्यात कार्बनसोबत नायट्रोजनही असतो) बहुधा तासन्‌तास द्रावक उकळून, वाफ थंड करणाऱ्या कंडेन्सरमधून पाणी सतत वाहते ठेवून तयार करतात. रक्तदाबावरचे निफेडिपिन याच कुळातले. २० किलोहर्ट्‌झवरील ध्वनिलहरींमुळे द्रवात सूक्ष्म बुडबुडे निर्माण होऊन फुटतात आणि तेवढ्याच जागी तापमान क्षणभर सुमारे ५००० केल्व्हिनपर्यंत चढते, भोवतालचा द्रव मात्र फारसा तापत नाही. त्यामुळे अल्डिहाइड, युरिया आणि इथाइल अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट यांची अशीच संयुगे देणारी १८९१ सालची बिजिनेली अभिक्रिया अनेकदा काही मिनिटांत उरकते. सराफांकडे दागिने धुण्यासाठी असते तसल्या अल्ट्रासॉनिक बाथमध्येही हा प्रयोग साधतो. अर्थात, पुढे शुद्धीकरणासाठी क्लोरोफॉर्मसारखा विषारी द्रावक ओतला, तर त्याला हरित, म्हणजे पर्यावरणस्नेही, म्हणू नये. इथेनॉलमधून स्फटिक काढावेत. विद्यापीठाने एम.एस्सी.च्या प्रात्यक्षिकांत हा प्रयोग येत्या वर्षीच घ्यावा, ही कळकळीची विनंती.

एक रसायनशास्त्र शिक्षक, टिळकवाडी, बेळगाव