लेखकाच्या परिचयात एक ओळ वाढवावी

महोदय,

परराष्ट्र धोरणावरील लेखांखाली ‘लेखक आंतरराष्ट्रीय संबंधांचे अभ्यासक आहेत’ अशी ओळ आपण छापता. लेखक एखाद्या थिंक टँकमध्ये, म्हणजे धोरणांचा अभ्यास करून सल्ला देणाऱ्या संस्थेत, असल्यास तिचे नावही देता. परंतु त्या संस्थेचा खर्च कोण चालवते, याचा पत्ता वाचकाला लागत नाही.

या संस्था केवळ चर्चासत्रे भरवतात, असे मानण्याची सोय नाही. दिल्लीत १९६५ मध्ये स्थापन झालेल्या संरक्षण अध्ययन व विश्लेषण संस्थेचे के. सुब्रह्मण्यम दोनदा संचालक होते, आणि सरकार आपला पर्याय खुला ठेवून होते त्या काळातही भारताने अण्वस्त्रे बाळगावीत, ही बाजू त्यांनी वर्षानुवर्षे जाहीरपणे मांडली. पुढे ते निमंत्रक असलेल्या राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार मंडळाचा अण्वस्त्र सिद्धांताचा मसुदा ऑगस्ट १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यातील ‘प्रथम वापर नाही’ हे तत्त्व जानेवारी २००३ च्या अधिकृत भूमिकेतही टिकले. त्यांची संस्था संरक्षण मंत्रालयाच्या अनुदानावर चालत असे व हे सर्वांना ठाऊक होते, त्यामुळे त्यांच्या मताला किती वजन द्यायचे, हे ज्याचे त्याला ठरवता येई.

ऑब्झर्व्हर रिसर्च फाउंडेशन १९९० मध्ये रिलायन्सच्या पाठबळावर उभे राहिले आणि २०१६ पासून ते परराष्ट्र मंत्रालयासोबत रायसीना डायलॉग ही दिल्लीतील परराष्ट्र धोरणविषयक वार्षिक परिषद भरवते. उद्योगसमूहाने संशोधनाला पैसा पुरवावा, यात मला गैर वाटत नाही (आपल्या विद्यापीठांकडून तेवढी अपेक्षा ठेवणे मी केव्हाच सोडले आहे). मात्र तेथील अभ्यासक तेलाच्या आयातीवर किंवा दूरसंचारावर लिहितो, तेव्हा ही पार्श्वभूमी वाचकापुढे असावी.

अमेरिकेतही हा वाद होऊन गेला आहे. कतारने ब्रुकिंग्ज या नामवंत संस्थेला चार वर्षांसाठी १ कोटी ४८ लाख डॉलर देण्याचे मान्य केल्याचे ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २०१४ मध्ये उघड केले. आपल्या संशोधनावर देणगीदाराचा प्रभाव पडत नाही, असे संस्थेने सांगितले. ते खरेही असेल. पण आखाती देशांविषयीचे तिचे लेख वाचणाऱ्याला ही रक्कम आधीच माहीत असायला हवी होती.

म्हणून विनंती अशी की, लेखकाच्या पदाबरोबर त्याच्या संस्थेचा प्रमुख देणगीदारही विचारून छापावा, आणि उत्तर मिळाले नाही तर तसेही छापावे.

– एक वाचक, पुणे