नानांना पत्र: ७०० होम रन आणि पहिला बेस

सेंट लुईस, मिसूरी

ती. नानांस,
शि. सा. नमस्कार.

तुमचं पत्र आणि सोबतचं कात्रण मिळालं. तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. बेसबॉलमधले ७०० होम रन (चेंडू कुंपणापलीकडे मारणं) म्हणजे केवढं काम, आणि ते मारणारा हा अल्बर्ट पूहोल्स मैदानात उभा कुठे राहायचा. उत्तर एकच आहे, कारण तो पहिल्या बेसवर खेळायचा म्हणूनच त्याच्याकडून एवढ्या मोठ्या आकड्यांची अपेक्षा होती.

आधी जागा सांगते. चार बेसचा, म्हणजे पळणाऱ्याने गाठायच्या चार ठरावीक जागांचा, चौकोन, एक बाजू ९० फूट, म्हणजे २७.४३ मीटर. बॅट्समनने चेंडू जमिनीवरून मारला की त्याला पहिल्या बेसकडे पळावंच लागतं. त्याचा पाय तिथे पडायच्या आत चेंडू पहिल्या बेसमनच्या हातात हवा आणि बेसमनचा पाय बेसला टेकलेला हवा. चांगला पळणारा चार सेकंदांच्या आसपास पोचतो. तेवढ्यात शॉर्टस्टॉपने (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक) चेंडू उचलायचा, फेकायचा आणि याने घ्यायचा. सामन्यातले बरेचसे बळी असे पहिल्या बेसवर पडतात. लोक कौतुक करतात ते फेकणाऱ्याचं.

घेणाऱ्याचं काम असं. बेसकडे पळायचं, टाचेने बेस चाचपायचा, फेकणाऱ्याकडे तोंड करायचं आणि गुडघे सैल ठेवून थांबायचं. फेक कुठे येते आहे ते दिसल्यावरच एक पाय पुढे ताणायचा. मिट (झेलायचा हातमोजा) डाव्या हातात असेल तर उजवा पाय बेसला, डावा चेंडूकडे. पाय बेसच्या कडेला लावायचा, वर ठेवायचा नाही. वर ठेवला तर पळत येणाऱ्याचा बूट घोट्यावर बसतो. नवशिक्यांची ठरलेली चूक म्हणजे चेंडू सुटायच्या आधीच पाय ताणून बसणं. मग फेक दोन हात बाजूला आली की हलता येत नाही. आणि फेक फारच वाकडी असेल तर बेस सोडून चेंडू अडवायचा. एक बळी गेला तर गेला, पण चेंडू मागे सुटला तर पळणारा दुसऱ्या बेसवर जाऊन उभा राहतो.

टप्पा पडून येणारी फेक सगळ्यात अवघड. टप्पा मिटच्या अगदी पुढ्यात पडला तर मिट खाली ठेवून खालून वर न्यायची, चेंडू आपोआप आत येतो. लांब पडला तर चेंडू वर उठलेला असतो, तोही सोपा. त्रास मधल्या टप्प्याचा. तिथे आणखी पुढे झुकून तो जवळचा करायचा किंवा मागे थांबून लांबचा करायचा, आणि हे ठरवायला अर्धा सेकंदसुद्धा नसतो. मिट म्हणजे बोटं वेगळी नसलेला चामड्याचा लांबट पंजा. नियमाप्रमाणे जास्तीत जास्त १३ इंच लांब आणि ८ इंच रुंद.

हे सगळं खरं असलं तरी दुसऱ्या बेसला किंवा शॉर्टस्टॉपला जो पळण्याचा वेग आणि फेकीची ताकद लागते ती इथे लागत नाही. त्यामुळे जड अंगाचे, वय झालेले, खांदा-कोपर दुखावलेले बॅट्समन संघ इथे आणून ठेवतात. साहजिकच या जागेवरच्या खेळाडूने बॅटने भरपाई करावी अशी अट असते. शॉर्टस्टॉपने वर्षाला २० होम रन मारले तर वाहवा होते. पहिल्या बेसमनने तेवढेच मारले तर मालक पुढचा माणूस शोधायला लागतो.

पूहोल्सही इथे असाच आला. जन्म १९८० चा, सांतो दोमिंगोचा. सोळाव्या वर्षी अमेरिकेत, इथल्याच मिसूरी राज्यातल्या इंडिपेंडन्स गावी. १९९९ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्यात, इथल्या कार्डिनल्स संघाने त्याला तेराव्या फेरीत घेतलं, एकूण ४०२ वा. म्हणजे चारशे एक पोरं त्याच्याआधी निवडली गेली. २ एप्रिल २००१ ला तो पहिला सामना खेळला आणि त्या हंगामात तिसरा बेस, डावं मैदान, उजवं मैदान, पहिला बेस असा जिथे जागा मिळेल तिथे उभा राहिला. ३७ होम रन, १३० आरबीआय, सरासरी ०.३२९ (म्हणजे काय ते खाली सांगते). वर्षातला सर्वोत्तम नवखेळाडू, एकमताने. २००३ मध्ये कोपर दुखावल्यामुळे त्याला लांब फेक जपून करावी लागत होती. २००४ पासून पहिला बेस कायमचा त्याचा झाला.

आता आकडे. सरासरी म्हणजे मोजल्या जाणाऱ्या दर खेळीमागे किती हिट, म्हणजे बेसवर पोचवणारे फटके; दहात तीन म्हणजे उत्तम. आरबीआय म्हणजे याच्या फटक्यामुळे संघाच्या किती धावा आल्या. होम रन म्हणजे चेंडू कुंपणापलीकडे. इथल्या बुश स्टेडियममध्ये ते कुंपण डाव्या कडेला ३३६ फुटांवर आणि समोर ४०० फुटांवर आहे. आपल्या षटकारासारखा तो सामन्यात दहा वेळा दिसत नाही. पूहोल्सला अख्ख्या कारकिर्दीत सरासरी सोळा खेळींमागे एक मिळाला, आणि सामन्यात माणसाला खेळी मिळतात साधारण चार.

२००१ ते २०१० अशी सलग दहा वर्षं त्याने किमान ०.३०० सरासरी, ३० होम रन आणि १०० आरबीआय केले. कारकिर्दीच्या सुरुवातीची सलग दहा वर्षं हे दुसऱ्या कुणालाही जमलेलं नाही. २००५, २००८ आणि २००९ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू. २००३ ला सरासरीत पहिला, ०.३५९ ने, तोही टॉड हेल्टनपेक्षा दशांशाच्या चौथ्या घरातल्या फरकाने. २००६ ला ४९ होम रन. ५० कधीच नाहीत. क्षेत्ररक्षणाचा गोल्ड ग्लव्ह २००६ आणि २०१० ला.

माझ्या मते त्याचा सगळ्यात दुर्लक्षित विक्रम २००९ चा आहे: एका हंगामात १८५ असिस्ट, पहिल्या बेसमनमध्ये सर्वाधिक. आधीचा १८४ चा, बिल बकनरचा. पहिला बेसमन चेंडू उचलून स्वतःच बेसला पाय लावतो तेव्हा असिस्ट मिळत नाही. तो दुसऱ्याला फेकून बळी मिळवतो तेव्हाच मिळतो. पूहोल्स बेसपासून बराच मागे आणि उजवीकडे उभा राहायचा, लांबचे चेंडू अडवायचा आणि बेस झाकायला पळत येणाऱ्या पिचरच्या (बॅट्समनला चेंडू टाकणाऱ्याच्या) छातीपाशी हलकेच चेंडू टाकायचा. ही फेक पिचरच्या पावलांच्या एक-दोन पावलं आधी पोचावी लागते, म्हणजे त्याला चेंडू घेऊन मग खाली बघत बेस शोधता येतो. दोन्ही एकदम आले की गोंधळ. शिवाय पूहोल्स उजव्या हाताने फेकणारा. या जागेवर डावखुऱ्याला सोपं जातं, कारण दुसऱ्या बेसकडे फेकायला त्याला अंग वळवावं लागत नाही. याला प्रत्येक वेळी वळावं लागे.

२०११ ला ही दहा वर्षांची साखळी तुटली. १९ जूनला कॅन्सस सिटीविरुद्ध सहकाऱ्याची फेक पळणाऱ्याच्या वाटेत आली. ती घ्यायला पूहोल्सने डावा हात आडवा नेला आणि पळत आलेला विल्सन बेटेमिट त्या हातावर आदळला. मनगटाजवळचं हाड मोडलं. पहिल्या बेसवरचा सगळ्यात वाईट अपघात तो हाच, आणि चूक बहुधा घेणाऱ्याची नसते. सहा आठवडे लागतील असं वाटत असताना तो तीन आठवड्यांच्या आत परतला. वर्षअखेर सरासरी ०.२९९, आरबीआय ९९. दोन्ही एकेकाने कमी! त्याच वर्षी २२ ऑक्टोबरला वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे अजिंक्यपदाच्या अंतिम मालिकेच्या, तिसऱ्या सामन्यात त्याने तीन होम रन मारले. त्याआधी वर्ल्ड सिरीजमध्ये हे फक्त बेब रूथ आणि रेजी जॅक्सनने केलं होतं. कार्डिनल्सने २००६ नंतर दुसऱ्यांदा त्याच्यासोबत अजिंक्यपद घेतलं, आणि डिसेंबरमध्ये तो लॉस एंजेलिसच्या एंजल्सकडे गेला. दहा वर्षांचा करार, २४ कोटी डॉलर. त्यात ३,००० व्या हिटसाठी ३० लाख आणि ७६३ व्या होम रनसाठी, म्हणजे विक्रम मोडल्यास, ७० लाख वेगळे लिहिलेले होते.

माझं म्हणणं इथून पुढे आहे. वर्तमानपत्रात छापून येणारे बहुतेक गोल आकडे यानंतरचे आहेत. ५०० वा होम रन २२ एप्रिल २०१४, वॉशिंग्टनमध्ये. ६०० वा ३ जून २०१७, तिन्ही बेस भरलेले असताना. ६०० वा असा मारणारा तो पहिलाच. ३,००० वी हिट ४ मे २०१८, सिॲटलमध्ये. २,००० वा आरबीआय ९ मे २०१९, डेट्रॉइटमध्ये. आणि याच काळात त्याचा खेळ उतरत चालला होता. २०१३ मध्ये तळपायाच्या दुखण्याने हंगाम ९९ सामन्यांत संपला. तळपाय गेला की पायांवर जोर देता येत नाही आणि फटक्याची ताकद तिथूनच येते. ६०० च्या वर्षी, २०१७ ला, सरासरी ०.२४१ होती. तरी आरबीआय १०१, कारण त्याच्या आधी खेळणाऱ्या बॅट्समननी बेस भरून ठेवले होते. म्हणून आरबीआयवर मी फार भरवसा ठेवत नाही.

तुम्हाला सचिनचं शंभरावं शतक आठवत असेल. नव्याण्णवावं नागपूरला मार्च २०११ मध्ये, आणि शंभरावं मीरपूरला साधारण एका वर्षाने, तेही हरलेल्या सामन्यात. आकडा उशिरा येतो. काम आधी झालेलं असतं. पूहोल्सच्या ७०३ पैकी ४४५ होम रन पहिल्या अकरा वर्षांत सेंट लुईसला झाले. एंजल्सकडे साडेनऊ वर्षांत २२२, डॉजर्सकडे १२ आणि शेवटच्या वर्षी पुन्हा इथे २४. बेरीज करून पाहा.

आणि गोल आकडा चुकला म्हणून माणूस छोटा ठरत नाही. सलग २,१३० सामने खेळलेला लू गेरिग हाही पहिल्या बेसवरचाच. आजाराने त्याचा खेळ थांबला तेव्हा होम रन ४९३. फ्रेड मॅकग्रिफ, तोही पहिला बेसमन, तोही ४९३. १९९४ ला तो ३४ वर असताना ऑगस्टमध्ये संप झाला आणि उरलेला हंगाम रद्द झाला. ५०० ला कमी पडलेले सात होम रन त्याने सहज मारले असते. पत्रकारांच्या मतदानात तो दहा वर्षं अडकून पडला आणि शेवटी समितीमार्फत २०२३ ला हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सन्मान-दालनात, गेला.

२०२१ च्या मे महिन्यात एंजल्सने पूहोल्सला सोडलं आणि तो डॉजर्सकडे गेला. २०२२ ला नॅशनल लीगमध्येही (दोन लीगपैकी कार्डिनल्सची) पिचरऐवजी फक्त बॅटिंग करणारा खेळाडू ठेवायची मुभा मिळाली. तो नियम आला नसता तर ४२ वर्षांच्या माणसाला कार्डिनल्सनी एक वर्षासाठी बोलावलं असतं असं मला वाटत नाही. हंगाम ६७९ वर सुरू झाला. जुलैमधल्या मधल्या सुट्टीपर्यंत फक्त सहा आले, आणि मग पुढे अठरा. त्याला मुख्यतः डावखुऱ्या पिचरविरुद्ध खेळवलं, हे त्यातलं शहाणपण. (मे महिन्यात संघ भरपूर पुढे असताना त्याला एकदा पिचिंगही करायला लावलं. चार धावा दिल्या. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.) २३ सप्टेंबरला लॉस एंजेलिसमध्ये एकाच सामन्यात ६९९ वा आणि ७०० वा. शेवटचा, ७०३ वा, ३ ऑक्टोबरला पिट्सबर्गमध्ये. त्याच्यापुढे आता तिघेच: बाँड्स ७६२, ॲरन ७५५, रूथ ७१४. ३,००० हिट आणि ७०० होम रन दोन्ही असलेले दोघेच, ॲरन आणि पूहोल्स.

एक विक्रम कुणी छापत नाही. एका फटक्यात स्वतःसकट दोघे बाद, असे त्याचे ४२६ प्रसंग, इतिहासात सर्वाधिक. चेंडू जोरात मारणारा, पळायला हळू आणि समोर नेहमी बेसवर माणसं. हा आकडाही त्याच गुणांचा आहे, उलट बाजूने.

हॉल ऑफ फेमसाठी निवृत्तीनंतर पाच वर्षं थांबावं लागतं, म्हणजे त्याचं नाव २०२८ च्या मतपत्रिकेवर येईल. दहा वर्षं सदस्य असलेले बेसबॉल पत्रकार मत देतात, एकाला जास्तीत जास्त दहा नावं, आणि ७५ टक्के लागतात. तो निवडून येईल यात कुणाला शंका नाही. उत्सुकता एवढीच की सगळी मतं मिळतात का. आजवर ती फक्त पिचर मारियानो रिव्हेराला मिळाली आहेत.

सोबत एक कोरं स्कोअरकार्ड पाठवते आहे, तुम्हाला आवडेल. जागांना आकडे आहेत: पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप ६, मग डावं, मधलं आणि उजवं मैदान ७, ८, ९. रकान्यात ६-३ दिसलं तर शॉर्टस्टॉपने उचलून पहिल्या बेसला दिला. ३-१ म्हणजे पहिल्या बेसमनने अडवून पिचरला दिला, आणि तिथे असिस्ट ३ च्या नावावर. नुसतं ३ आणि शेजारी यू लिहिलेलं असेल तर त्याने कुणाची मदत न घेता स्वतःच बेसला पाय लावला.

आईला नमस्कार. बंड्याला म्हणावं, स्कोअरकार्डावर पेन चालवू नकोस, पेन्सिलच वापर.

तुमची,
सुमन