स्टीव्ह फ्रेझर यांना, एका तालीमवाल्याचे आभार

आदरणीय फ्रेझर वस्ताद,

सप्रेम नमस्कार. आपली-माझी ओळख नाही. मी मूळचा कोल्हापूरचा; तालमीच्या तांबड्या मातीत वाढलो आणि नोकरीपायी मिशिगनला आलो. येथे दर शनिवारी मुलांना ग्रीको-रोमन कुस्ती शिकवतो. ते धाडस मला आपल्यामुळे झाले, म्हणून हे जाहीर पत्र.

या कुस्तीत कमरेखाली हात लावायचा नाही आणि पायाचा डाव खेळायचा नाही. म्हणजे आमचे पट, टांग, कलाजंग सगळेच बाद. इथल्या शाळेतली मुलेही पायांवरच तुटून पडायला शिकलेली असतात. आपणही त्याच कुस्तीतून आलात, शेरीफच्या, म्हणजे इथल्या स्थानिक पोलिसांच्या, खात्यातली नोकरी सांभाळून सराव केलात आणि १९८४ साली लॉस एंजेलिसला ९० किलो गटात ग्रीको-रोमनमधले अमेरिकेचे पहिले ऑलिंपिक सुवर्ण जिंकलेत. बहिष्कारामुळे सोव्हिएत मल्ल आले नव्हते, असे नाक मुरडून सांगणारे भेटतात; त्यांना मी एवढेच सांगतो, की तीन वेळचा जगज्जेता स्वीडनचा फ्रँक अँडरसन आला होता आणि तो आपल्याकडूनच हरला.

तरीही माझे खरे ऋण पुढे अमेरिकेच्या ग्रीको-रोमन संघाला घडवणाऱ्या आपल्यातल्या प्रशिक्षकाचे आहे. २००० साली सिडनीत आपला रूलन गार्डनर रशियाच्या अलेक्झांडर करेलिनसमोर उभा राहिला, तेव्हा करेलिन तेरा वर्षे आंतरराष्ट्रीय मैदानात हरला नव्हता आणि पूर्वीच्या लढतीत त्याने गार्डनरला उचलून आपटले होते. दुसऱ्या डावाच्या आरंभी दोघांना छातीला छाती भिडवून पकड घ्यायला लावली, आणि त्या रेटारेटीत करेलिनचे गुंफलेले हात क्षणभर सुटले. तेव्हाच्या नियमाने पकड आधी सोडणाऱ्याच्या विरुद्ध गुण जाई. तो एक गुण गार्डनरने जादा वेळेतही अखेरपर्यंत राखला. ती लढत मी मुलांना पुनःपुन्हा दाखवतो, आणि दर वेळी त्या सुटलेल्या हातांपाशी थांबवतो.

२००७ साली बाकूला आपल्या संघाने जागतिक सांघिक विजेतेपद मिळवले, तेही एकही वैयक्तिक सुवर्ण नसताना. मला त्याचे मोल सिडनीइतकेच वाटते.

माझ्याकडच्या एका मुलाचा हात दमला की अजून आपसूक प्रतिस्पर्ध्याच्या गुडघ्याकडे जातो. परवा तो अर्ध्यावरच थांबला, वर आला आणि बगलेत शिरला.

आपला ऋणी,
मिशिगनमधील एक कोल्हापूरकर