बोट आहे, पण चालवणार कोण?

महोदय,

पुरात बचावासाठी नुसती बोट असून भागत नाही; ती चालवणारा माणूस आणि सुरू होणारे इंजिनही लागते.

२००५ साली कतरिना चक्रीवादळानंतर अमेरिकी सरकारने तीन प्रवासी जहाजे सहा महिन्यांसाठी भाड्याने घेऊन बेघरांची आणि मदतकार्यातील लोकांची राहायची सोय केली. खर्चावरून बोंब झाली, ती रास्तही होती. पण डोक्यावर कोरडे छत तर मिळाले. आपल्याकडे मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात ‘पी-३०५’ हा बार्ज (सपाट तळाचे जहाज) बुडाला, तेव्हा नौदलाने त्यावरील १८० हून अधिक जणांना वाचवले.

खान्देशाला समुद्र नाही, कबूल. पण त्याच वर्षी ३१ ऑगस्टला तितूर आणि डोंगरी या नद्या चाळीसगावात शिरल्या. आमच्या शेजारच्या आजींना त्यांच्या भाच्याने ट्रॅक्टरच्या ट्यूबवर बसवून ओढत नेले. आजींच्या मांडीवर पिठाचा डबा, तो काही सोडेनात. बचावाची बोट आली ती पाणी ओसरल्यावर. नंतर कळले, इंजिन सुरूच होत नव्हते.

हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडले की तापीकाठाची झोप उडते. नंदुरबारात नर्मदेकाठच्या पाड्यांसाठी तरंगता दवाखाना चालवला गेला, म्हणजे हे आपल्याला जमत नाही असे नाही. तापीवरचे भोई आणि कोळी बांधव पाण्याची नस ओळखतात. त्यांची गाववार यादी करा, बोटीमागे मानधन द्या आणि दर मे महिन्यात इंजिन पाण्यात उतरवून बघा. फोटोपुरते नव्हे, पलीकडच्या काठापर्यंत.

– एक वाचक, चाळीसगाव (जि. जळगाव)