स्मर्दान गल्लीतला फोटो पाहून

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

परवा तू मैत्रिणींबरोबर जेवायला गेलीस तिथला फोटो पाठवलास. आई ताटात काय काय आहे ते बघत होती, माझी नजर मात्र तुझ्या मागच्या पाटीवर गेली. स्मर्दान. बुखारेस्टच्या जुन्या पेठेतली ती गल्ली आता नुसत्या हॉटेलांची झाली आहे, असं तू म्हणालीस. मला ते नाव ठाऊक आहे ते एका चित्रामुळे. निकोलाय ग्रिगोरेस्कुचं ‘स्मर्दानचा हल्ला’, १८८५ सालचं.

दहा लेईची नोट जवळ असेल तर काढून बघ, तिच्यावरचा दाढीवाला माणूस तोच. लहानपणीच वडील गेले. पोरगा देवांच्या तसबिरी रंगवून बाजारात विकायचा. पुढे मठांच्या भिंती रंगवल्या, मग पॅरिस, मग पॅरिसजवळच्या बार्बिझों गावचं रान, जिथे चित्रकार उघड्यावर बसून निसर्ग रंगवायचे.

१८७७ साली रुमानियाने तुर्की साम्राज्यापासून स्वतंत्र झाल्याचं जाहीर केलं आणि रशियाच्या बाजूने लढायला सैन्य डॅन्यूबपलीकडे, आजच्या बल्गेरियात पाठवलं. ग्रिगोरेस्कु त्या सैन्याबरोबर गेला. जे दिसेल ते रेखाटत राहिला: चिखलातल्या गाड्या, कैद्यांची रांग, बिगूल वाजवणारा शिपाई. त्यांच्या पायदळात दोरोबान्त्स नावाचे शिपाई असत. केसाळ टोपीत टर्की कोंबड्याचं पीस खोवलेलं, म्हणून लोक त्यांना ‘कुर्कान’, म्हणजे टर्कीच म्हणत. पाळीपाळीने चाकरी करायची आणि पाळी संपली की आपल्या शेतावर जायचं, अशी ही माणसं. आता हे लक्षात घे, की ग्रिगोरेस्कुने जन्मभर बैलगाड्या, मेंढपाळ, सूत कातणाऱ्या बाया रंगवल्या. रणांगणावर त्याला ओळखीचेच चेहरे दिसले असणार, असं मला नेहमी वाटतं.

तुला आठवतं, ग्रेड परीक्षेआधी मुलांना लढाईचं चित्र काढायला सांगितलं की सगळे घोडाच काढायचे? मधोमध घोडा, त्यावर तलवार उपसलेला सरदार. तेव्हा मी कपाटातून एका मासिकातलं कापून ठेवलेलं हे चित्र काढायचो. काळंपांढरं, घडीवर फाटलेलं. यात मधोमध घोडा नाही, सरदारही नाही. लांब कोट घातलेली माणसं बंदुका सावरत धावत येतात, खाली पडलेल्यांच्या अंगावरून, मागे धूर. धावताना तोल जातोय असे पाय आहेत. ऐटीत उभा राहिलेला माणूस कोणालाही काढता येतो गं, पण जीव मुठीत धरून पळणाऱ्याचा पाय काढायला तो पाय नीट बघितलेला असावा लागतो.

एक गोष्ट मात्र मी वर्गात कधी सांगितली नाही. स्मर्दान हे बल्गेरियातल्या विदिन शहराजवळचं खेडं. तुर्कांनी महिनोन्महिने लढवलेलं प्लेवना हे ठाणं डिसेंबरातच पडलं होतं, तुर्कांचं युद्ध जवळजवळ हरल्यात जमा होतं. स्मर्दानवरचा हल्ला २४ जानेवारी १८७८ चा. (त्यांच्या जुन्या पंचांगाने १२ जानेवारी; तिकडे काही वाचलंस तर गोंधळू नकोस.) आणि युद्धविरामाच्या सह्या झाल्या ३१ जानेवारीला. सात दिवस, मुक्ता. चित्रात जे खाली पडलेत त्यांना आणखी एक आठवडा मिळाला असता, तर पेरणीला ते घरी असते. मुलांना हे सांगायला माझी जीभ कधी रेटली नाही. तुझ्यापाशी आज लिहून टाकलं.

बुखारेस्टच्या नगरपालिकेने हे चित्र काढायला सांगितलं होतं. विजयाचं चित्र मागितलं, आणि याने मेलेल्यांना पुढच्या बाजूला ठेवलं, बघणाऱ्याच्या अगदी पायाशी. त्यासाठी मी त्याला मानतो.

हे चित्र तुझ्याच गावात आहे, पूर्वीच्या राजवाड्यातल्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात. एखाद्या रविवारी जा. घाईत जाऊ नकोस, पोटभर खाऊन जा. आधी लांबून बघ, मग जवळ जाऊन जमिनीचा भाग बघ. तिथे ब्रश कसा फिरवलाय, रंग जाड आहे की पातळ. आणि तो धूर. माझ्या कात्रणात तो नुसता राखाडी आहे. खरा कोणत्या रंगाचा आहे, निळसर की पिवळट, ते मला कळव. फोटो पाठवू नकोस, मोबाईलवर रंग बदलतो. तुझ्या डोळ्यांना जसा दिसला तसा लिही.

आईने मेतकुटाची पिशवी बाजूला काढून ठेवली आहे, पार्सल पुढच्या आठवड्यात निघेल. थंडीत डोकं झाकून बाहेर पडत जा.

तुझा,
बाबा