आमची नावं परत आणणाऱ्या दादांना

दादा, तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही ते माहितीये, पण आभार मानल्याशिवाय राहवत नाहीये.

तीन आठवडे आमच्या डेटाबेसमधल्या सगळ्या चिनी ग्राहकांच्या नावांचा नुसता कचरा दिसत होता. वांग हे आडनाव चिनी लिपीत एका अक्षराचं, त्याच्या जागी शेपटीवाला सी, टोपीवाला झेड आणि एक टोकदार कंस. आधी ज्यांना विचारलं त्यातल्या एकाने फॉन्ट टाका म्हणून सांगितलं, टाकले, काही फरक नाही. दुसऱ्याने तर पैसे घेतले, बॅकअप न घेता थेट लाइव्ह टेबलवर कसलीशी स्क्रिप्ट चालवली, शेकडो नावांची प्रश्नचिन्हं करून ठेवली आणि मग फोन उचलायचंच बंद केलं. राग अजून गेलेला नाही.

तुम्ही मात्र पहिलं वाक्य लिहिलंत, "आता कुणीही काही चालवू नका." मग फक्त एका ओळीचा हेक्स मागितलात, म्हणजे त्या नावासाठी साठवलेले मूळ बाइट, आकडे-अक्षरांच्या जोड्यांत लिहिलेले. मी पाठवला, ई७ ८ई ८बी. तुम्ही ते तीन बाइट स्वतः हाताने सोडवून, आकडेमोड तशीच्या तशी लिहून पाठवलीत आणि खाली लिहिलंत, "हे वांगच आहे. यूटीएफ-८ (सगळ्या लिपी साठवायची पद्धत) मधले तिन्ही बाइट जागेवर आहेत, डेटाबेस त्यांना त्याचं लॅटिन-१ (एका बाइटला एक युरोपीय अक्षर, ही जुनी पद्धत) समजून तीन वेगळी अक्षरं दाखवतोय. तुमचा डेटा गेलेला नाही." रात्री साडेअकराला ते वाचलं आणि खरंच डोळ्यात पाणी आलं हो, कारण तोपर्यंत आम्ही सगळं गेलं असंच धरून चाललो होतो.

पुढचं काम तुम्ही केलंत ते केलंतच, पण प्रश्नचिन्हांच्या ओळी बघून खोटी आशाही लावली नाहीत. तिथे हेक्समध्ये ३एफ आहे म्हणजे प्रश्नचिन्हच सेव्ह झालंय, ते परत येणार नाही, जुने फॉर्म शोधा, असं सरळ सांगितलंत. एवढं स्पष्ट बोलणारी माणसं किती कमी भेटतात! आणि वर आठवणीने विचारलंत, कुणाच्या नावात दुर्मिळ अक्षर आहे का, कारण मायएसक्यूएलच्या, म्हणजे आमच्या डेटाबेसच्या सॉफ्टवेअरच्या, जुन्या यूटीएफ८ मध्ये चार बाइटचं अक्षर मावत नाही, यूटीएफ८एमबी४ लागतं. निघालं, एका बाईंच्या नावात होतं. आजवर त्यांचं नाव आमच्याकडे कधीच पूर्ण सेव्ह झालं नव्हतं आणि आम्हाला पत्ताही नव्हता.

राहिलेली नावं जुन्या फॉर्मांवरून भरतोय, काल रात्री १९ झाली. प्रत्येक नाव टाकलं की आधी हेक्स बघतो.