फोम भिंतीवरच तयार होतो, म्हणून जपा

महोदय,

उष्णता अडवण्यासाठी छताला आणि भिंतींना फवारायच्या पॉलियुरेथेन फोमचा मोठा फायदा म्हणजे तो फुगून फटी बुजवतो. फटींतून गरम हवा येतच राहिली, तर नुसत्या जाड थराने एसीवरचा भार उतरत नाही. पण हा माल भिंतीवरच तयार होतो, त्यामुळे सगळी मदार फवारणाऱ्यावर. ज्यांच्यापासून फोम बनतो ती दोन द्रव रसायने, आयसोसायनेट आणि पॉलिओल, फवारणीच्या गनमध्ये समप्रमाणात मिसळली पाहिजेत. पॉलिओल वाढले की फोम मऊ, चिकट राहतो आणि वास जाता जात नाही. आयसोसायनेट वाढले की तो ठिसूळ होऊन तडकतो. पृष्ठभाग ओला किंवा धुळकट असेल तर पकड सुटते. बंद पेशींच्या, म्हणजे आतले बुडबुडे बंद असलेल्या घट्ट फोमचा थर एका वेळी साधारण ५० मिमीपेक्षा जाड नको. रसायने एकत्र येताना निर्माण होणारी उष्णता आत कोंडून गाभा करपतो, प्रसंगी पेटही घेतो. घाईच्या कामात गडबड होते ती इथेच.

फवारणाऱ्याला बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क हवा. कापडी मास्क हा निव्वळ देखावा. घरच्यांनी किमान २४ तास बाहेर राहावे आणि तोवर हवा खेळती ठेवावी. खोलीतला फोम उघडा न ठेवता त्यावर १२.५ मिमीचा जिप्सम बोर्ड बसवावा. गच्चीवर उन्हापासून वाचवणारा लेप लागतोच.

– एक वाचक